दोनशे अकरावं पान

कोर्पाश मास्तरांचा स्वभाव संशयी आहे, असं सगळं तिसाव्हार गाव म्हणत असे. आणि कोण कोण म्हणतं, याचा मास्तरांना आधीपासूनच संशय होता. म्हणून त्र्याण्णव सालच्या जानेवारीत एका सोमवारी मुख्याध्यापिका रोझालियाबाईंनी त्यांना खोलीत बोलावून स्वतःच्या हातानं कॉफी ओतून दिली, तेव्हाच त्यांच्या मनात पाल चुकचुकली. सव्वीस वर्षांच्या नोकरीत या खोलीत त्यांना कॉफी दोनदाच मिळाली होती. एकदा त्यांची बढती रद्द झाली तेव्हा, आणि एकदा त्यांना स्वतःला येत नसलेलं रशियन शिकवायला लावलं तेव्हा.

"मास्तर, रेडिओ ऐकलात ना? बेरेन्ची ओट्मारला जर्मनांनी केवढं मोठं बक्षीस दिलं! आपल्या गावचा माणूस!"

"बाई, तो बावीस वर्षांचा असताना गाव सोडून गेला, तो पुन्हा इकडे फिरकलाही नाही."

"म्हणूनच तर कौतुक. इथे राहिला असता तर रोज दिसला असता, मग कोण बक्षीस देणार होतं? ते काही नाही. शेवटच्या वर्गाला त्याची 'दुसरा बांध' ही कादंबरी शिकवा. मे महिन्यात परीक्षा आहे, जिल्ह्याचे साहेब विचारणार."

मास्तरांनी कॉफी अर्धी ठेवून दिली. बेरेन्चीची एक कादंबरी त्यांनी तरुणपणी वाचली होती. म्हणजे सुरू केली होती. बेरेन्चीचं वाक्य एकदा सुरू झालं की वाचणाऱ्यानं घरी निरोप धाडावा. त्यात नदीला पूर येतो, ओसरतो, दोन बारशी आणि एक मयत होते, तरी पूर्णविरामाचा पत्ता नाही. असल्या वाक्यांचं व्याकरण अठरा वर्षांच्या अठ्ठावीस पोरांना समजावून सांगायचं म्हणजे पालथ्या घड्यावर अख्खी तिसा नदी ओतणं. आणि शाळेत साहित्य शिकवणारे चौघे असताना हे काम नेमकं आपल्याच गळ्यात का, हा प्रश्न होताच.

घरी येईपर्यंत बातमी कुंपणापलीकडे पोचली होती. शेजारचे काल्मान काका तीस वर्षं नदीच्या बांधावर पहारेकरी होते. निवृत्त झाल्यावर बांध संपला, पहारा राहिला.

"देझो, ऐकलं ते खरं का? बेरेन्ची शिकवणार तू?"

"हो काका."

"माझं ऐक. पूर असो की पुस्तक, मधोमध शिरायचं नाही. काठाकाठानं जायचं. आणि तो ओट्मार लहानपणी आमच्या जर्दाळूच्या झाडावर चढायचा. हे परीक्षेत येईल का?"

"नाही येणार."

"यायला हवं," काका म्हणाले आणि आत गेले.

पुस्तक गावात एकच होतं, नगर ग्रंथालयात. तिथल्या व्हिल्माबाई सदतीस वर्षं त्याच खुर्चीवर होत्या. ताठ बसायच्या, थोडक्यात बोलायच्या, आणि राग आला किंवा थंडी वाजली की त्यांचं नाक लाल व्हायचं. दोन्हींपैकी काय झालंय हे विचारायची गावात कोणाची छाती नव्हती. मास्तरांनी पुस्तकाचं नाव सांगितलं तेव्हा खोलीत शेगडी चांगली पेटलेली होती, तरी नाक लाल झालं.

"पंधरा वर्षांत एकानंही नेलं नाही हे. आताच काय नड आली?"

"शिकवायचंय."

"दुसरं शिकवा. चांगली चांगली, आटोपशीर पुस्तकं आहेत. हा माणूस फार लांबण लावतो."

"बाई, वरून आदेश आहे."

आदेश म्हटल्यावर व्हिल्माबाईंचा इलाज नव्हता. त्यांनी पुस्तक आणून असं पुढे केलं, जसं पोर सावत्र आईच्या हवाली करावं. मागच्या खिशातलं कार्ड कोरं करकरीत होतं. त्यावर पहिलं नाव मास्तरांचं लागलं.

अठ्ठावीस पोरं आणि एक पुस्तक. झेरॉक्सचं मशीन गावात एकच, नगरपालिकेत. त्यासाठी अर्ज करायचा, आणि अर्जाच्या तीन प्रती जोडायच्या. प्रती काढायला मशीन लागतं, असं मास्तरांनी खिडकीतल्या बाईंना नम्रपणे सांगितलं. बाई म्हणाल्या, "मग त्यासाठी वेगळा अर्ज करा." मास्तरांनी दोन दिवस तेही केलं. तिसऱ्या दिवशी मशीन बिघडलं, आणि दुरुस्तीच्या अर्जावर मास्तरांची सही का लागते हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. अखेर त्यांनी ठरवलं, वर्गात आळीपाळीनं मोठ्यानं वाचून घ्यायचं.

पाच आठवडे वाचन चाललं. मागच्या बाकावर दोघे बिनदिक्कत झोपत आणि एक मुलगी मोजे विणत असे. तिचा एक मोजा बेरेन्चीच्या दोन वाक्यांत पुरा झाला. कादंबरी मात्र आमच्याच गावची होती, फक्त गावाचं नाव बदललेलं. बावन्न सालची गोष्ट. तेव्हा परवान्याशिवाय घरचं डुक्कर मारणं गुन्हा होता. आमच्या गिरणीवाल्यानं पहाटे गुपचूप मारलं, तिसऱ्या दिवशी पोलीस आले, गिरणीवाला दोन वर्षं तुरुंगात गेला आणि परत आला तो खोकत आला. चौकीवर कोणीतरी चिठ्ठी दिली होती. कोणी, ते चाळीस वर्षांत गावाला कळलं नव्हतं. म्हणजे प्रत्येकाला वेगवेगळं कळलं होतं.

त्या मंगळवारी वाचायची पाळी चिलाची होती. ही बसड्रायव्हरची मुलगी. बापासारखीच वळणावरही वेग कमी न करणारी. दोनशे दहाव्या पानाच्या शेवटाला ती एका दमात वाचून गेली:

"आणि ज्यानं ती चिठ्ठी चौकीवर नेऊन दिली त्याचं नाव सांगायचं झालं तर बदकं होती, एकूण सहा, त्यातलं एक आजारी..."

विणकाम थांबलं. झोपलेल्यांपैकी एकानं डोकं वर केलं.

"सर," तो म्हणाला, "चुगली बदकांनी केली?"

मास्तरांनी पुस्तक हातात घेतलं. दोनशे दहानंतर एकदम दोनशे तेरा. मधलं पान शिवणीजवळ कापलेलं, नखाएवढी पट्टी तेवढी शिल्लक, आणि काप असा सरळ की जणू सुताराच्या हातचा.

"कोणीतरी नाव कापलं!" चिला म्हणाली. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा कोर्पाश मास्तरांचा सगळा वर्ग एकाच वेळी जागा होता.

दुपारच्या जेवणापर्यंत गावही जागं झालं. संध्याकाळी काल्मान काका कुंपणाशी आले ते घरच्या प्लमच्या दारूची बाटली घेऊन. काका कोणाला पाणीही आपण होऊन देत नसत.

"देझो, ते पान वाचून दाखवू नकोस."

"काका, पान नाहीच."

"शाबास. असंच सांगत राहा." काकांनी इकडे तिकडे पाहिलं. "त्या वर्षी माझा थोरला भाऊ चौकीवर गेला होता, हे खरं. पण सायकल हरवल्याची तक्रार द्यायला. उगाच कोणी भलता अर्थ काढायला नको."

"मग सापडली का सायकल?"

"तेच तर. आमच्याकडे सायकलच नव्हती."

दुसऱ्या दिवशी नगराध्यक्ष बोदोन्यी आले. ते गावातलं औषधांचं दुकानही चालवत. मास्तरांना खोकला नसताना त्यांनी खोकल्याचं औषध आणलं. "मास्तर, आमचे वडील दोन घोट पोटात गेले की फार बोलत. पण चिठ्ठी कशी लिहितील? त्यांना लिहिताच येत नव्हतं."

"मी काही म्हटलं का साहेब?"

"नाही, पण म्हणाल तर? लिहून देणारे भेटतात हो, असं कोणी म्हटलं तर?"

मग चर्चमध्ये गाणाऱ्या एक आजी आल्या, खसखशीचा केक घेऊन. त्या रविवारी आपण पाद्रीबाबांजवळ फक्त 'गिरणीकडून चरबी तळल्याचा वास आला' एवढंच बोललो होतो, आणि तेही आपल्याला हेवा वाटला या पापाची कबुली म्हणून, असं सांगून त्या रडल्या. खाई त्याला खवखवे म्हणतात. आमच्या गावात ज्यांनी खाल्लं नव्हतं त्यांनाही खवखवत होतं. आठवड्याभरात अकरा जण येऊन गेले. कोणालाही काही विचारलं नव्हतं. प्रत्येकानं आपलं सांगितलं आणि जाताना, दार लावता लावता, दुसऱ्या कोणाचं तरी सांगितलं.

मास्तरांची अवस्था मोठी विचित्र झाली. जन्मभर ज्यांच्यावर संशय घेतला ती माणसं आता ओळीनं येऊन संशयाला पुरावा देत होती, आणि मास्तरांना ते मुळीच आवडत नव्हतं. संशय हा घरच्या मांजरासारखा असतो; आपला आपण पाळलेला बरा वाटतो, दारात अकरा आली की माणूस घाबरतो. तरी शिस्तीचा माणूस, म्हणून त्यांनी एका वहीत नावं लिहायला घेतली. त्यांची बायको इर्मा कणीक मळत होती. तिनं खांद्यावरून वाकून पाहिलं.

"देझो, हे काय?"

"टिपणं. शिकवण्यासाठी."

"यादी आहे ही. या गावात याद्या करणाऱ्यांना लोक काय म्हणतात, माहीत आहे ना?" तिनं पिठाच्या हातानं वही उचलली आणि शेगडीत घातली. मास्तरांना आतून सुटल्यासारखं वाटलं. पण तसं कबूल करणं त्यांच्या मानाला परवडलं नसतं.

त्यांनी बुडापेस्टला प्रकाशकाला पत्र लिहिलं. तीन आठवड्यांनी बारा प्रती आल्या, नव्या आवृत्तीच्या, गुळगुळीत कागदाच्या. मास्तरांनी शिक्षकांच्या खोलीतच गठ्ठा फोडला. रोझालियाबाईही चष्मा पुसत उभ्या राहिल्या. ती जागा सापडली. तिथे छापलं होतं: 'त्याचं नाव सांगायचं झालं तर, पण ते राहू दे.' आणि पुढे नवं प्रकरण. बदकंसुद्धा नव्हती. पहिल्या पानावर लिहिलेलं, 'लेखकाने स्वतः सुधारलेली आवृत्ती.'

"म्हणजे वरपर्यंत पोचलंय हे," रोझालियाबाई हळूच म्हणाल्या आणि त्यांनी खोलीचं दार लावून घेतलं.

दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तसं झालं. गावाची खात्री पटली की बुडापेस्टमधल्या कोणीतरी लेखकाचे हात बांधलेत, आणि ते नाव आता पृथ्वीवर फक्त कोर्पाश मास्तरांना माहीत आहे. जिल्ह्याच्या शिक्षण कचेरीत मास्तरांविरुद्ध सात निनावी पत्रं गेली. कचेरीनं ती खुलाशासाठी त्यांच्याकडेच पाठवली. मास्तरांनी लाल पेन घेऊन वाचली आणि चार पत्रं त्यांनी लगेच ओळखली. चौघेही त्यांचे जुने विद्यार्थी. 'प्रतिष्ठा' हा शब्द एकोणीसशे बहात्तर साली जसा चुकवला होता तसाच चुकवलेला. निनावी पत्र लिहिणाऱ्यानं निदान शुद्धलेखन तरी बदलावं! मास्तरांना आरोपांपेक्षा त्याचंच जास्त लागलं.

शेवटी ठरलं, गुरुवारी चार वाजता सांस्कृतिक भवनात सभा. जिल्ह्याचे शिक्षणाधिकारी फारागो साहेब स्वतः येऊन चौकशी करणार. बुधवारी दुपारी मास्तर ग्रंथालयात गेले. पुस्तक कोणत्या तारखेला आपल्या हातात पडलं याचा दाखला त्यांना हवा होता.

व्हिल्माबाई नवी कार्डं कापत बसल्या होत्या. पोलादी पट्टी, धारदार पातं, एकच ओढ. पुठ्ठ्याचा तुकडा बाजूला पडला. कडा अशी सरळ की जणू सुताराच्या हातची.

मास्तर उभेच राहिले. सहा आठवडे त्यांनी अख्ख्या गावावर संशय घेतला होता. पाद्रीबाबांवर घेतला, रोझालियाबाईंवर घेतला, एकदा इर्मावरही घेतला होता. या खुर्चीकडे त्यांचं लक्षच गेलं नव्हतं.

"बाई," ते म्हणाले, "तुम्ही?"

व्हिल्माबाईंनी पातं खाली ठेवलं. "हो. अठ्ठ्याहत्तर साली. पुस्तक आलं त्याच दिवशी."

"पण का?"

"कोणी मागणार नाही याची खात्री होती म्हणून. आणि पंधरा वर्षं कोणी मागितलं का?"

"ते नव्हे. त्यात काय होतं? नाव आहे? तुमच्या घरातलं?"

"मास्तर, त्यात काय आहे ते मी सांगणार नाही. कोणालाच सांगणार नाही." त्यांचा आवाज स्थिर होता, नाक मात्र लाल. "जूनमध्ये मी निवृत्त होते. पुस्तक फाडणाऱ्या ग्रंथपालाला काढून टाकतात, हा नियम मीच भिंतीवर लावलाय. उद्या विचारतील तर खरं सांगेन. मला खोटं बोलायची सवय नाही."

काहीतरी बोलायचं म्हणून मास्तर म्हणाले, "नव्या आवृत्तीत ते पान नाहीच. लेखकानंच काढून टाकलंय."

व्हिल्माबाईंनी मान वर केली. "त्यानंच?"

"हो. स्वतः सुधारलेली आवृत्ती."

व्हिल्माबाईंनी एक कार्ड उचललं, पट्टी लावली आणि पातं ओढलं. ते कार्ड वाकडं कापलं गेलं. "म्हणजे त्यानंही कापलं," त्या म्हणाल्या. मास्तर दाखला न घेताच परतले. नक्की हिच्या बापाचंच नाव असणार, असं त्यांना वाटलं, आणि असं वाटल्याची त्यांना लाजही वाटली.

गुरुवारी सांस्कृतिक भवनात खुर्च्या पुरल्या नाहीत. बेरेन्चीला जर्मनीत बक्षीस मिळालं तेव्हा तिथल्या सभागृहातही एवढी गर्दी नसेल. फारागो साहेब ठेंगणे, घाईत असलेले, सहाची गाडी गाठायची असलेले गृहस्थ होते.

"प्रश्न सरळ आहे," ते म्हणाले. "ग्रंथालयातून निघताना पुस्तकात ते पान होतं की नव्हतं? ग्रंथपाल कोण?"

दुसऱ्या रांगेत व्हिल्माबाई उठल्या. त्यांनी पुढच्या खुर्चीची पाठ धरली होती. काळा कोट, चापून बांधलेले केस, आणि चेहरा असा की सदतीस वर्षं त्यांनी ज्या पुस्तकांवर शिक्का मारला ती सगळी आता त्यांच्याच विरुद्ध साक्ष देणार आहेत. त्यांनी तोंड उघडलं.

"मी कापलं," मागून आवाज आला.

सगळ्यांनी वळून पाहिलं. मास्तरांनीही पाहिलं असतं, पण तो आवाज त्यांचाच होता.

"तुम्ही?" फारागो साहेब म्हणाले. "कशासाठी?"

खोटं बोलायचं ठरवलं नव्हतं, त्यामुळे तयारी नव्हती. "पाठाच्या टाचणासाठी," मास्तर म्हणाले.

"मग आता कुठे आहे ते?"

"हरवलं."

मग काल्मान काका उभे राहिले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर चाळीस वर्षांचं कोडं सुटल्याचा उजेड पडला.

"अरे देझो! लेका! तुझ्या बापाचं नाव होतं होय!"

"काका, काहीतरीच काय! माझे वडील घड्याळं दुरुस्त करायचे. युद्धात तोफेजवळ होते, ठार बहिरे झाले होते!"

"तेच तर म्हणतोय! बहिऱ्यासमोर लोक काय वाट्टेल ते बोलतात!"

"पण त्यांना ऐकूच येत नव्हतं!"

"असं तो सांगायचा," काका म्हणाले.

सभागृहातून समाधानाचा असा एक सुस्कारा गेला की पडदा हलला. नगराध्यक्षांनी येऊन मास्तरांचा हात हातात घेतला. "बापाचं पाप मुलाला लागत नाही, मास्तर." खसखशीवाल्या आजींनी त्यांच्या गालाचं चुंबन घेतलं. भेटून गेलेले अकराही जण एकेक करून आले. इतकी मोकळी, इतकी प्रेमळ माणसं मास्तरांनी गावात कधी पाहिली नव्हती. फारागो साहेबांनी लेखी ताकीद दिली, परीक्षा मंडळावरून मास्तरांचं नाव काढलं आणि सहाची गाडी गाठली. व्हिल्माबाई अजून उभ्याच होत्या. मग त्या बसल्या.

घरी इर्मानं पाव समोर ठेवला आणि सुरी मास्तरांच्या हातात दिली.

"काप."

मास्तरांनी कापला. चकती एका टोकाला अंगठ्याएवढी, दुसऱ्या टोकाला कागदाएवढी.

"यानं पान कापलं म्हणे! कोणासाठी खोटं बोललास?"

"सांगता येत नाही, इर्मा."

"बाई आहे का?"

"आहे. पण तसं नाही."

"तसं नाही हे मलाही दिसतंय. तसं असतं तर तू नीट खोटं बोलला असतास." तरी दोन दिवस तिनं सूप गार वाढलं.

खरा त्रास वेगळाच होता. काल्मान काकांनी जे पेरलं ते मास्तरांच्या डोक्यात रुजू लागलं. वडील जाऊन अठरा वर्षं झाली होती. डोळ्यांना भिंग लावून वाकलेला तो माणूस मास्तरांना आठवे. एकदा पाठीमागे कप पडून फुटला होता आणि वडिलांनी मान वळवली होती. ती जमीन हादरली म्हणून, की आवाज आला म्हणून? मास्तर तेव्हा दहा-अकरा वर्षांचे होते. बावन्न सालच असेल. ज्या माणसाला त्यांनी कधी उलट उत्तर दिलं नव्हतं, त्याच्यावर आता ते रविवारी दिवसभर संशय घेत बसले. गावानं घेतलेला संशय अंगावरून झटकता येतो. हा झटकता येईना.

सोमवारी वर्गात गेले तेव्हा बारा प्रती बाकांवर होत्या, सगळ्या पिळून काढल्यासारख्या. विणणाऱ्या मुलीनं खुणेला लोकर घातली होती.

चिलानं हात वर केला. "सर, आम्ही सगळी वाचली. नाव कुठेच नाही. दुसऱ्या प्रकरणात एकाला वास येतो, सातव्यात एक जण दारूत बडबडतो, नवव्यात एक जण विनाकारण चौकीवरून जातो. सगळ्यांनी थोडी थोडी चुगली केली असेल का? म्हणजे चिठ्ठी एकानं दिली असेल, पण..."

"पण काय?"

"पण ती लिहायला सगळं गाव लागलं."

मास्तरांनी खिडकीबाहेर पाहिलं. मग म्हणाले, "बस. हे परीक्षेत लिही. आणि वाक्य एवढंच ठेव, लांबवू नकोस."

बुधवारी ग्रंथालयातून पत्र आलं. पुस्तकाची नासधूस केल्याबद्दल कोर्पाश देझो यांचं सभासदत्व एक वर्षासाठी रद्द. कार्ड समक्ष जमा करावे. सही, शिक्का. मास्तर संतापून ग्रंथालयात गेले. एवढं केलं आणि वर हे? व्हिल्माबाईंनी त्यांचं कार्ड घेतलं, पातं लावून सरळ मधोमध कापलं आणि दोन्ही तुकडे फाइलीत लावले.

"नियम आहे, मास्तर."

"कळलं."

"वर्षभर तुम्हाला इथलं पुस्तक नेता येणार नाही." त्यांनी खणातून एक पाकीट काढून टेबलावर ठेवलं. "हे पुस्तक नाही. वाचा आणि उद्या परत आणा. गेले सहा दिवस तुम्ही तुमच्या वडिलांवर संशय घेत असणार. तुमचा स्वभाव मला माहीत आहे."

मास्तर बांधावर गेले. बाकावर बसून त्यांनी पाकीट उघडलं. पिवळं पडलेलं एकच पान. '...आधी त्या सकाळच्या नावेबद्दल सांगावं लागेल, कारण ते नाव मी ऐकलं असतं तर त्या नावेतच ऐकलं असतं, नावाडी ते सगळ्यांना सांगत होता, पण समोरच्या फळीवर एक मुलगी होती, थंडीनं नाक लाल झालेली, मांडीवर टोपली, जी चढताना अगदी बदकासारखी डुलत आली होती...' इथे समासात पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'खोटं.' पुढे वाक्य तिच्या रुमालाकडे गेलं, तिच्या ओठांकडे गेलं, पलीकडच्या झाडांकडे जाऊन परत आलं. '...आणि तिनं माझ्याकडे पाहिलं तेव्हा नदी थांबली, निदान मी तरी तसं शपथेवर सांगेन, आणि नावाडी नाव सांगून मोकळा झाला तरी मला ते ऐकू आलं नाही, कारण मी मोजत होतो, तिच्या टोपलीत' आणि पान संपलं; पुढची सहा बदकं दोनशे तेराव्या पानावर होती. 'नदी थांबली' या शब्दांवरचा कागद पातळ झाला होता, बोट फिरून फिरून.

मास्तरांनी ते तीनदा वाचलं. वडिलांचं नाव नव्हतं. कोणाचंच नव्हतं. अख्खं गाव ज्या नावासाठी दीड महिना जीव मुठीत धरून बसलं, ते नाव एका पोरानं एका पोरीकडे बघण्यात घालवलं होतं. त्यांना हसू आलं, आणि मग वडिलांसाठी डोळ्यांत पाणी आलं. बांधावर काल्मान काका फिरायला येत होते, म्हणून त्यांनी घाईघाईनं पाकीट कोटात घातलं.

"काय रे, बापाचे कागद?" काकांनी लांबूनच विचारलं.

"हो, काका," मास्तर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पाकीट परत केलं. व्हिल्माबाईंनी ते न उघडता खणात ठेवलं, खणाला कुलूप लावलं, आणि पहिल्यांदाच त्यांना बसायला सांगितलं.

"मग? साहित्याचे शिक्षक म्हणून काय वाटलं?"

मास्तरांनी घसा साफ केला. जे मनात होतं ते बोलणं त्यांना जमण्यासारखं नव्हतं. "वाक्य फार लांबलंय," ते म्हणाले.

"माणूसही तसाच होता," व्हिल्माबाई म्हणाल्या. "सगळा हिवाळा रोज त्या नावेतून आला माझ्याबरोबर. मुद्द्यावर काही आला नाही."